कारखान्याचा फेरफार आणि त्यावरील बोजा

जमीन विकली तरी तिजवरील बोजा विकणाऱ्याबरोबर जात नाहीं, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. खरेदीखत झालें, तलाठ्यानें फेरफार नोंदविला, तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असलेला सोसायटीच्या कर्जाचा बोजा फेड होईपर्यंत कायम राहतो. महसूल दप्तरांत आमचें आयुष्य गेलें. तेथील हा साधा नियम कारखान्यांच्या खरेदी-विक्रीसही लागू व्हावा, असें आमचें मत आहे. तेथें इमारत, यंत्रें व येणें-देणें यांची मोजदाद होते. परंतु कामगारांच्या जिवाची आणि भोंवतालच्या माती-पाण्याची जबाबदारी कोणाच्या खातीं चढली, हें बहुधा कोणी पाहत नाहीं.

भोपाळचें उदाहरण घ्या. युनियन कार्बाईडचा तेथील कारखाना शेतकऱ्यांसाठींच कीटकनाशक करीत असे. १९८४ च्या डिसेंबरांत, ता. २ व ३ च्या मधल्या रात्रीं, तेथून सुमारें ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायु सुटून हजारों माणसें मेलीं. त्या वेळीं टाकी थंड ठेवणारें यंत्र बंद होतें व वायु जाळून टाकणारी नळी जोडलेली नव्हती. १९९४ त कंपनीनें भारतांतील आपले भाग विकले. १९९८ त कारखान्याची जागा मध्यप्रदेश सरकारकडे परत गेली. २००१ त डाऊ केमिकलनें मूळ अमेरिकन कंपनी घेतली. तो कारखाना आपण कधीं चालविलाच नाहीं, हें डाऊचें उत्तर. मालक बदलत गेले, विषारी कचरा मात्र आवारांतच पडून राहिला. त्यांपैकीं सुमारें ३३७ टन पीथमपूर येथें जाळण्यासाठीं नेण्यास २०२५ साल उजाडलें.

त्याच कंपनीचा, तेंच रसायन करणारा दुसरा कारखाना अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनियांतील इन्स्टिट्यूट या गांवीं होता. तो १९८६ त एका फ्रेंच कंपनीकडे व २००२ त बायरकडे गेला. ता. २८ ऑगस्ट २००८ रोजीं तेथें मेथोमिल या कीटकनाशकाच्या विभागांत स्फोट होऊन दोन कामगार दगावले. सरकारी चौकशींत असें निघालें कीं, संगणकावर चालणारी नवी नियंत्रण-व्यवस्था बसविली, पण कामगारांस ती पुरती शिकविली नव्हती. आणि टाकी पुरेशी तापल्यावांचून आंत माल जाऊं न देणारा अडसर मुद्दाम बाजूस सारला होता. भोपाळांत सुटलेल्या त्याच वायूची एक टाकी जवळच होती. ती सुदैवानें वांचली. पुढें २०११ त तेथें तो वायु करणें बंद झालें.

आमच्याकडे हा प्रश्न साखर कारखान्यांचा आहे. महाराष्ट्रांत कित्येक सहकारी कारखाने खासगी कंपन्यांस विकले गेले किंवा भाड्यानें दिले गेले. जुन्या मंडळींची रीत एक, नव्या मालकाची दुसरी. मधल्या काळांत कोणतीच पाळली जात नाहीं. मळीच्या रिकाम्या टाकींत गुदमरविणारा वायु सांचतो, हें जुन्या फिटरला ठाऊक असतें; तो घरीं बसला कीं नव्या कंत्राटी मजुरास तें कोण सांगणार? आसवनीचें सांडपाणी ओढ्यास मिळालें, तर खालच्या विहिरींचें पाणी बिघडतें व पीक आमचें जातें.

यास्तव सभासदांनीं सर्वसाधारण सभेंत चार गोष्टींचा आग्रह धरावा. व्यवहारापूर्वीं बॉयलर, टाक्या, गव्हाण व सांडपाणी यांची पाहणी जुन्या कामगारांस बरोबर घेऊन व्हावी. दोन ठिकाणचे नियम भिन्न असतील, तेथें जो अधिक कडक तोच दोन्हीकडे लावावा. नवें यंत्र कामगारास त्याच्या भाषेंत शिकविल्याशिवाय हंगाम सुरू करूं नये. आणि सांचलेली घाण कोण, कोणत्या मुदतींत व कोणत्या रकमेंतून काढणार, हें करारांतच लिहावें.

१९४८ च्या कारखाना कायद्यानें कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी भोगवटादारावर ठेवली, आणि भोपाळनंतर १९८७ त धोकादायक धंद्यांसंबंधीं त्यांत नवीं कलमें घातलीं. भोगवटादार हा शब्द आम्हां शेतकऱ्यांस सातबाऱ्यावरून चांगला परिचयाचा आहे. जो भोगवटा घेतो, त्यानें बोजाही घ्यावा. करारावर सही होण्यापूर्वीं सभासदांनीं तो डोळ्यांखालून घालावा, इतकें सुचवून हा लेख पुरा करितों.