बक्षीसही खेळाडूंच्याच खिशातून

व्यावसायिक गोल्फच्या उतरंडीत अगदी तळाला ज्या छोट्या स्पर्धामालिका चालतात, त्यांना मिनी-टूर म्हणतात. अमेरिकेत त्यांचे दोन मोठे गड आहेत, फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोना. दोन्हीकडे हिवाळा उबदार असतो आणि गोल्फ कोर्सची संख्या प्रचंड आहे. शिवाय सभासदांसाठी सोमवारी बंद राहणारे खासगी क्लब त्या दिवशी स्पर्धेसाठी मिळू शकतात. उन्हाळा सुरू झाला की खेळाडूंचा ओघ उत्तरेकडे वळतो. कॅरोलिना, आयोवा, मिनेसोटा आणि डकोटा ही नावे मग वेळापत्रकात दिसू लागतात. स्पर्धा एक ते चार दिवसांची असते. टीव्ही नाही, तिकिटे नाहीत. शेवटच्या ग्रीनवर एखाद्याची पत्नी किंवा वडील उभे असले, तर तोच प्रेक्षकवर्ग.

उतरंडीच्या माथ्यावरच्या पीजीए टूरवर बक्षिसाची रक्कम प्रायोजकांकडून आणि प्रक्षेपण हक्कांतून येते. मिनी-टूरवर ती बहुतांशी खेळाडूंनीच भरलेल्या प्रवेश फीतून उभी राहते. या जगातल्या बाकी सगळ्या अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून तिचा हिशोब नीट मांडायला हवा. समजा, साठ खेळाडूंनी प्रत्येकी १,००० डॉलर भरले. जमा झाले ६०,००० डॉलर. त्यातून कोर्सचे भाडे, गुण नोंदवणारी आणि नियम पाहणारी माणसे, आयोजकाचा मोबदला यासाठी १२,००० गेले. उरलेले ४८,००० वरच्या एक तृतीयांश, म्हणजे वीस खेळाडूंत वाटायचे. पहिल्याला साधारण ९,००० मिळाले, तर विसाव्याच्या वाट्याला प्रवेश फीपेक्षा शे-दीडशे डॉलरच जास्त येतात. तीन रात्रींचे मोटेलचे भाडे, पेट्रोल आणि जेवण धरले, की विसावा आलेला खेळाडू तोट्यात असतो. एकविसाव्याच्या हाती काहीच पडत नाही. भिशीत निदान प्रत्येकाची पाळी येते. इथे चाळीस जणांची वर्गणी दर आठवड्याला उरलेल्या वीस जणांकडे जाते, आणि त्या विसांतलेही निम्मे जेमतेम तोंडमिळवणी करतात. पहिल्या दहा-बारांत आले तरच आठवडा पदरात पडतो. दोन दिवसांच्या स्पर्धेत पाचवा आणि पंचविसावा यांच्यात तीन-चार फटक्यांचेच अंतर असू शकते, हे लक्षात घेतले की या हिशोबाची धार कळते.

आयोजकाचा व्यवहारही नाजूक असतो. खेळाडू कमी आले तर बक्षिसाची रक्कम घटते, रक्कम घटली की चांगले खेळाडू दुसरीकडे वळतात. काही टूर हंगामाच्या मध्येच गुंडाळल्या गेल्या आहेत, आणि विजेत्यांचे चेक न वटल्याचे प्रकारही घडले आहेत. म्हणून जुने खेळाडू नव्यांना पहिला प्रश्न विचारायला शिकवतात तो पैसे वेळेवर मिळतात का, हा. कोर्स कसा आहे, हे नंतर.

ही व्यवस्था अशी का बनली, याचे उत्तर पीजीए टूरच्या दाराशी आहे. १९६५ मध्ये त्या टूरवर प्रवेश देण्यासाठी फ्लोरिडात पहिली पात्रता स्पर्धा झाली. तिला पुढे क्यू-स्कूल हे नाव रूढ झाले. १९८२ पर्यंत मिळकतीच्या यादीतले पहिले साठ खेळाडू सोडले, तर बाकीच्यांपैकी बहुतेकांना दर सोमवारी पात्रता फेरी खेळून त्या आठवड्याच्या स्पर्धेत जागा मिळवावी लागे. या गावातून त्या गावात धावणाऱ्या या खेळाडूंना टूरवर ‘रॅबिट’ म्हणत. १९८३ पासून पहिल्या १२५ जणांना वर्षभराची हमी मिळाली. आतल्यांचे जगणे सुसह्य झाले. पण आत शिरण्याची दारे अरुंद झाली. बाहेर राहिलेल्यांना खेळत राहण्यासाठी जागा हवी होती आणि ती मिनी-टूरने दिली. १९९० मध्ये पीजीए टूरने स्वतःची दुसऱ्या फळीची मालिका सुरू केली. तेव्हा ती बेन होगन टूर होती, मग नाइकी, नेशनवाइड, वेब डॉट कॉम अशी नावे बदलत आता ती कॉर्न फेरी टूर आहे. मिनी-टूर तिच्याही खाली राहिल्या. आज खेळाडूचा सरळ रस्ता मिनी-टूर, क्यू-स्कूलचे टप्पे, कॉर्न फेरी आणि मग पीजीए असा आहे. क्यू-स्कूलसाठीही काही हजार डॉलर फी भरावी लागते, आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या त्या चार दिवसांत सर्दी झाली किंवा पटर रुसला, तर पुढची संधी वर्षभराने.

रस्त्यावरचा आठवडा साधारण ठरलेला असतो. गाडी हेच घर. डिकीत क्लबची बॅग, जोडीला एक-दोन जादा वेज, बुटांचे जोड, चेंडूंचे खोके, रेनसूट; मागच्या सीटवर आडव्या दांडीला इस्त्रीचे शर्ट टांगलेले. पाच-सहाशे किलोमीटरचे अंतर विमानाऐवजी गाडीनेच कापायचे, कारण विमानात बॅगेचे वेगळे पैसे द्यावे लागतात आणि उतरल्यावर भाड्याची गाडी लागतेच. मोटेलची खोली दोघांत किंवा तिघांत. जो आदल्या रात्री खोलीतला सोबती असतो, तोच दुसऱ्या दिवशी बक्षिसातला वाटेकरी. नाणी टाकून चालवायच्या मशिनवर कपडे धुवायचे, खोलीतल्या मायक्रोवेव्हवर जेवण गरम करायचे. डकोटाकडच्या छोट्या गावांत स्थानिक कुटुंबे खेळाडूंना आठवडाभर घरी ठेवून घेतात. कॅनडातही ही पद्धत जुनी आहे. अशा घरी खेळाडूला घरचे जेवण मिळते, आणि कित्येक घरांशी वर्षानुवर्षांचा लोभ जडतो.

कॅडी परवडत नाही. पीजीए टूरवर कॅडी वाऱ्याचा अंदाज घेतो, अंतर सांगतो, खेळाडूचे मन शांत ठेवतो. इथे खेळाडू बॅग स्वतः खांद्यावर टाकतो, ढकलगाडीवर नेतो किंवा कार्टमध्ये ठेवतो. अंतराची नोंदवही स्वतः भरायची, बंकरमधली वाळू स्वतः सारखी करायची. सोबत खेळणारे एकमेकांची गुणपत्रिका लिहितात. स्कोअर सांगायला फलक नसतो, म्हणून आपण कुठल्या क्रमांकावर आहोत हे शेवटच्या होलवर पुष्कळदा माहीत नसते. पट, म्हणजे ग्रीनवरचा फटका, धोका पत्करून मारायचा की जपून, याचा निर्णय अंधारात घ्यावा लागतो. आता मोबाइलवर थेट गुण दिसू लागल्याने ही अडचण कमी झाली आहे.

या चक्रातून एका उडीत बाहेर पडण्याची जागा म्हणजे सोमवारची पात्रता फेरी. पीजीए टूरच्या अनेक स्पर्धांत गेली कित्येक वर्षे अशा फेरीतून चार जागा दिल्या जात. अठरा होल, शंभराच्या आसपास खेळाडू, चार जागा. ७२ पारच्या कोर्सवर ६८ फटके हा कुठल्याही माणसाला अभिमान वाटावा असा खेळ. सोमवारी त्याला काहीच किंमत नसते. ६५-६६ लागतात. बरोबरी झाली तर प्लेऑफ, तोही अनेकदा अंधार पडेपर्यंत. सोमवारी हुकलेला खेळाडू मंगळवारी पुन्हा रस्त्यावर असतो. अलीकडे पीजीए टूरने स्पर्धांतील खेळाडूंची संख्या घटवताना या जागाही कमी करण्याचा निर्णय घेतला. टूरच्या गणितात त्या मोजक्याच होत्या. मिनी-टूरवरच्या खेळाडूसाठी मात्र वर्षभरातली तीच खरी आशा होती, आणि ती आकुंचित करणे हे खेळाचे नुकसान आहे.

या दाराने काय घडू शकते, याची उदाहरणे पक्की आहेत. आसनसोलला जन्मलेला, कोलकात्यात वाढलेला अर्जुन अटवाल २०१० च्या ऑगस्टमध्ये पीजीए टूरवर खेळण्याचे कार्ड गमावून बसला होता. त्याने सोमवारची फेरी खेळून ग्रीन्सबरोच्या विंडम चॅम्पियनशिपमध्ये जागा मिळवली, पहिल्या दिवशी ६१ फटके मारले, आणि रविवारी पारपेक्षा २० फटके कमी घेऊन स्पर्धा जिंकली. पीजीए टूरवर जिंकणारा तो पहिला भारतीय. सोमवारच्या फेरीतून येऊन विजेता होण्याचा प्रकार त्याआधी १९८६ मध्ये घडला होता. २०१९ मध्ये कोरी कॉनर्स या कॅनडाच्या खेळाडूने सहा जणांच्या प्लेऑफमधून शेवटची जागा पटकावून टेक्सास ओपन जिंकली आणि लगोलग मास्टर्सला गेला.

यापेक्षा वेगळी, आणि जास्त प्रातिनिधिक, कथा मायकेल विसाकीची. फ्लोरिडातला हा खेळाडू मिनी-टूरवर वर्षानुवर्षे खेळत आणि जिंकत होता. त्याच्या होंडा अकॉर्डच्या मीटरवर १,७०,००० मैल, म्हणजे सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर, जमले होते. २०२१ च्या वसंतात व्हॅल्सपार चॅम्पियनशिपच्या सोमवारच्या फेरीत त्याने प्लेऑफमध्ये सुमारे वीस फुटांचा पट घातला आणि वडिलांना फोन लावला. बोलता बोलता त्याला रडू कोसळले. ते चित्रीकरण जगभर पाहिले गेले. स्पर्धेत दोन दिवसांनंतर खेळाडू गाळणारा कट त्याला पार करता आला नाही. जस्टिन थॉमसने त्याला मदतीचा चेक दिला, आणि पुढे आणखी एका मोठ्या स्पर्धेत आयोजकांनी त्याला बोलावले. म्हणजे अनेक वर्षांच्या मेहनतीचे फळ दोन-तीन आठवड्यांचे होते. तरी त्या फोनमधला आनंद खोटा नव्हता. या खेळाडूंना नेमके काय मिळवायचे असते ते त्यात स्वच्छ दिसते.

हे सगळे चालवायला वर्षाला हजारो डॉलर लागतात. घरून मदत नसेल, तर खेळाडू पाठीराखे शोधतो. गावातल्या क्लबचे सभासद मिळून खेळाडूचे शेअर घेतात, खर्च उचलतात, आणि मिळकतीतून आधी मुद्दल, मग ठरलेला वाटा परत घेतात. झॅक जॉन्सनला आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या क्लबमधल्या अशाच मंडळींनी उभे केले. तो प्रेअरी टूर, मग हूटर्स टूर या मिनी-टूर खेळला, २००३ मध्ये दुसऱ्या फळीच्या टूरवर मिळकतीत पहिला आला, आणि पुढे २००७ ची मास्टर्स व २०१५ ची ब्रिटिश ओपन जिंकला. बहुतेक पाठीराख्यांना पैसे परत मिळत नाहीत, आणि देणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक असते. खेळाडूला मात्र चार फुटांचा पट मारताना शेजारच्या काकांचे पैसे आठवतात. ज्यांना पाठीराखे नाहीत ते श्रीमंत क्लबांत कॅडीचे काम करतात, मुलांना शिकवतात, रात्री टॅक्सी चालवतात. त्यात सरावाचा वेळ जातो, आणि सराव कमी पडला की बक्षीस हुकते.

महिलांच्या बाजूला खेळाडू कमी, म्हणून बक्षिसेही लहान. अ‍ॅरिझोनातली कॅक्टस टूर हे तिथले ठळक नाव. २०२० मध्ये महामारीमुळे मोठ्या टूर थांबल्या, तेव्हा कॅक्टस टूर चालू राहिली. जर्मनीची सोफिया पोपोव्ह तिथे तीन स्पर्धा जिंकली. आदल्या वर्षी महिलांच्या एलपीजीए टूरचे पूर्ण कार्ड तिचे एका फटक्याने हुकले होते, आणि खेळ सोडण्याचा विचार तिने केला होता. जुलैअखेरीस ओहायोतल्या एलपीजीए स्पर्धेत ती मैत्रिणीची कॅडी म्हणून बॅग उचलत होती. पुढच्याच आठवड्यात तिला खेळण्याची संधी मिळाली, पहिल्या दहांत येऊन तिने महिलांच्या ब्रिटिश ओपनची जागा मिळवली, आणि ऑगस्टमध्ये रॉयल ट्रूनवर ती स्पर्धा जिंकली. त्या वेळी ती जागतिक क्रमवारीत ३०४ वी होती. बक्षीस होते ६,७५,००० डॉलर. कॅक्टस टूरवर विजेतीला मिळते त्याच्या कित्येक पट. तिच्या खेळात त्या महिन्याभरात एवढा फरक पडलेला नव्हता, हे या प्रकरणातून घेण्यासारखे आहे.

भारतात २००६ पासून पीजीटीआय ही व्यावसायिक टूर चालते. तिच्या बक्षिसांचा आधार प्रायोजक आहेत, म्हणून ती अमेरिकी अर्थाने मिनी-टूर नाही. पण कट हुकला की रिकाम्या हाताने परतायचे, हे इथेही आहे. वेळापत्रक चंडीगडपासून आसामातल्या दिगबोईपर्यंत आणि जमशेदपूरपासून पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबपर्यंत पसरते. आगगाडीचा लांबचा प्रवास आणि वाटून घेतलेली खोली इथल्याही खेळाडूंच्या ओळखीची आहे. २०२४ पासून नेक्सजेन नावाची खालची मालिकाही सुरू झाली. पुण्याचा उदयन माने याच टूरवर घडला आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. इथला एक विशेष म्हणजे कॅडी म्हणून काम केलेले किंवा मैदानाची निगा राखणाऱ्यांच्या घरांतून आलेले खेळाडू. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळीची देखभाल करत. मुलाने २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स ही युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली.

थांबायचे कधी, याला नियम नाही. टॉम लेहमन १९८० च्या दशकात कार्ड गमावून मिनी-टूर, आशिया, दक्षिण आफ्रिका असा फिरत राहिला. मिनेसोटा विद्यापीठात प्रशिक्षकाची नोकरी समोर आली. हिवाळ्यात दुकानातून स्की भाड्याने देण्याचे कामही त्यात होते, म्हणून त्याने नकार दिला. १९९१ मध्ये तो बेन होगन टूरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, १९९६ मध्ये ब्रिटिश ओपनचा विजेता. ज्यांच्या बाबतीत असे घडत नाही, त्यांतले बरेच जण तिशीच्या आसपास क्लबमध्ये प्रशिक्षक होतात, महाविद्यालयीन संघ सांभाळतात किंवा मोठ्या खेळाडूंचे कॅडी बनतात. काही जण गोल्फशी संबंध नसलेली नोकरी धरतात आणि हौशी स्पर्धांत खेळू इच्छितात. एकदा व्यावसायिक झालेल्याला ते आपोआप करता येत नाही. हौशी दर्जा परत मिळावा म्हणून अर्ज करावा लागतो, आणि ठरावीक काळ थांबल्यावर तो मंजूर होतो.