आधी मागणी, मग दावा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या भोवतालच्या गल्ल्यांत आणि जुन्या सरदारांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोठींमध्ये मराठी कुटुंबांचे वाडे आहेत. त्यांतल्या कितीतरी खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू राहत आले. मालकांची मुले नोकरीनिमित्त पुण्याला नाहीतर इंदूरला गेली, भाडे जुन्याच दराने राहिले आणि पुढे तेही वेळेवर येईनासे झाले. मग मालक वकिलाकडे जाऊन सांगतो, ‘घर खाली करायची नोटीस पाठवा.’ थकलेल्या भाड्याच्या प्रकरणात पाऊल चुकते ते इथेच. मध्य प्रदेशचा कायदा मालकाकडे आधी भाड्याची मागणी मागतो आणि घराचा प्रश्न त्यानंतर पुढे घेतो. हा क्रम मालकाच्या वाटेतला अडथळा आहे असे मानले जाते. माझ्या मते तो मालकाच्याच दाव्याचा पाया आहे आणि मागणी जितकी चोख, तितका पुढचा दावा मजबूत.

मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ च्या कलम १२ मध्ये भाडेकरूला काढण्याची कारणे एकेक करून दिली आहेत आणि त्यांच्याबाहेरचे कारण चालत नाही. त्यांतले पहिलेच कारण थकबाकीचे. पण नुसती थकबाकी झाली म्हणून ते लागू होत नाही. मालकाने ठरलेल्या रीतीने मागणीची नोटीस बजावलेली हवी, आणि ती पोहोचल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने कायदेशीरपणे वसूल होण्याजोगी सगळी थकबाकी दिलेली नाही किंवा देऊ केलेली नाही, असे दिसायला हवे. म्हणजे भाडेकरूचा दोष पूर्ण होतो तो दोन महिने उलटल्यावर. त्याआधी दावा लावला तर ज्या कारणावर तो उभा आहे ते कारणच जन्मलेले नसते. पुण्याच्या नातेवाइकांचा सल्ला इथे जपून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये ही मुदत नव्वद दिवसांची आहे, शिवाय तिथली व्याजाची तरतूदही निराळी. तिथला मसुदा उचलून इथे पाठवला, की मुदतीपासूनच घोळ सुरू होतो.

यावर जाणकार वकील एक आक्षेप घेतील. व्ही. धनपाल चेट्टियार खटल्यात १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितले की राज्याचा भाडे कायदा लागू असेल तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ खालची, भाडेपट्टा संपवण्याची नोटीस आवश्यक नाही. मग नोटिशीचे एवढे अवडंबर कशाला? निकाल खरा आहे, पण तो दुसऱ्या नोटिशीबद्दल आहे. कलम १०६ ची नोटीस मालक आणि भाडेकरू यांचे नाते संपल्याचे कळवते. भाडे कायद्याने भाडेकरूला वेगळे संरक्षण दिल्यावर त्या कळवण्यात अर्थ उरला नाही, एवढेच कोर्टाने म्हटले. मागणीची नोटीस राज्याच्या कायद्यानेच कारणाच्या व्याख्येत बसवली आहे. ती वगळली तर कलमातले अर्धे वाक्यच गळून पडते. गंमत म्हणजे, या एका निकालामुळेच नोटीस ही नुसती औपचारिकता आहे असा समज अधिक पसरलेला दिसतो.

आता नोटिशीत काय असावे ते पाहू, कारण खरे कष्ट तिथेच आहेत. दरमहाचे भाडे किती, कोणत्या महिन्यापासून थकले, आजवर एकूण किती झाले, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. दहा वर्षांचा हिशेब मांडून उपयोग नाही. मुदतीच्या कायद्याप्रमाणे थकलेल्या भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा आहे आणि आपल्या कायद्याचे शब्द ‘कायदेशीरपणे वसूल होण्याजोगी’ असे आहेत. तीन वर्षांपलीकडची रक्कम त्यात घातली, तर भाडेकरूला आकड्यावरच वाद घालायची आयती संधी मिळते. वाड्यांच्या बाबतीत दुसरी अडचण माणसांची. मूळ भाडेकरू वारला आणि दोन मुलगे, एक सून त्या खोल्यांत राहतात, तर नोटीस कुणाला? एच. सी. पांडे खटल्यात १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने वारसांना संयुक्त भाडेकरू मानले आणि त्यांतल्या एकाला दिलेली नोटीस पुरेशी ठरवली. तरी सगळ्यांची नावे घालून पाठवणे शहाणपणाचे. मालकांच्या बाजूनेही वाटण्या झालेल्या असतात. तिथे १९७६ च्या श्रीराम पसरिचा निकालाचा आधार आहे: एक सहमालकही बेदखलीचा दावा लावू शकतो. आणि पाकीट घेतलेच नाही तर? हरचरण सिंह खटल्यात १९८१ मध्ये कोर्टाने म्हटले की रजिस्टर पोस्टाने आलेली नोटीस नाकारणाऱ्याला ती मिळाली असेच धरले जाईल, मजकुरासकट. म्हणून पोस्टाची पावती आणि परत आलेले बंद पाकीट, दोन्ही जपून ठेवायला हवीत.

मालकांची सगळ्यात मोठी तक्रार अशी: नोटीस दिली की भाडेकरू पैसे भरतो, राहतो आणि पुन्हा थकवतो, मग मिळाले काय? ही तक्रार पोकळ नाही. दावा लागल्यावरही कलम १३ त्याला संधी देते. समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात थकबाकी भरायची आणि पुढे दर महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत जमा करत राहायचे. तो हे पाळत राहिला तर थकबाकीच्या कारणावर त्याला काढता येत नाही. पण कायद्याने ही सवलत मोजून दिली आहे. एकदा तिचा लाभ घेतल्यावर त्याच जागेचे भाडे सलग तीन महिने थकवले, तर ती पुन्हा मिळत नाही. आणि कोर्टात रक्कम भरण्यात कसूर केली तर त्याचा बचावच काढून टाकता येतो. म्हणजे पहिली नोटीस आणि पहिला दावा वाया गेले असे मालकाला वाटते, तेव्हा खरे तर सवयीच्या थकबाकीदाराविरुद्ध नोंद तयार झालेली असते. भाडे फार कमी आहे, हे दुःख मात्र वेगळे आहे. त्याचा इलाज थकबाकीच्या नोटिशीत शोधू नये.

एवढे थांबायचे कशाला, नळ तोडा, वीज तोडा, कुलूप लावा, असा सल्ला देणारेही भेटतात. आवश्यक सोयी तोडायला याच अधिनियमात मनाई आहे. शिवाय विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे, कायद्याची वाट सोडून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही. ज्याचा हिशेब बरोबर होता तो मालकच मग आरोपीसारखा उभा राहतो. हे अन्यायाचे वाटते, पण कुलुपाने तो अन्याय ओढवून घेतलेला असतो.

भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर नोटिशीनंतरचे ते दोन महिने बहुतेक जण वाया घालवतात. ‘मालक भाडे घेतच नाही’ ही त्यांची नेहमीची सबब, आणि काही वेळा ती खरीही असते, कारण मालक मुद्दाम भाडे नाकारून थकबाकी तयार करतो. यावर कायद्यात तोड आहे. भाडे घेतल्यावर पावती देणे मालकावर बंधनकारक आहे आणि तो भाडे घेत नसेल किंवा पावती देत नसेल, तर ती रक्कम भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करता येते. बँकेतून पाठवलेल्या पैशांची नोंद राहते, हातात दिलेल्या नोटांची राहत नाही. रकमेबद्दल वाद असेल तर कोर्ट तात्पुरते वाजवी भाडे ठरवून देते, पण तोवर काहीच न भरता बसणे महाग पडते. नोटीस हाती आल्यावर वादातली रक्कम बाजूला ठेवावी, जेवढी मान्य आहे तेवढी पहिल्याच आठवड्यात मालकाला देऊ करावी आणि तिचा पुरावा वकिलाच्या फाइलमध्ये लावावा.