चाल कुणाची, शब्द कुणाचे

भजनाला तमाशाची चाल चालेल काय, हा वाद आपल्याला नवा नाही. लंडनच्या ख्रिस्ती मंडळींपुढे तो फार रोकडा उभा राहिला. विल्यम बूथ यांनी १८६५ साली पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत धर्मकार्य आरंभले. १८७८ मध्ये त्याची 'मुक्तिफौज' झाली. तिथला मजूर चर्चची पायरी चढत नसे, पण म्यूझिक हॉलमधली गाणी त्याला तोंडपाठ. तेव्हा फौजेने त्याच चाली उचलल्या. 'शॅम्पेन चार्ली' हे तर दारूच्या शोकाचे गाणे. त्याच्याच चालीवर तारणाचे गीत रचले! प्रथम खुद्द बूथ यांनाही संकोच वाटला. तो अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. चालीमागोमाग गुत्त्याची आठवणही येतेच. परंतु हजार माणसे अनोळखी चालीवर एका सुरात येत नाहीत, हे संपाच्या सभा घेणाऱ्या कुणालाही विचारा.

पुढची गंमत आम्हां युनियनवाल्यांची. १९०५ साली शिकागोत स्थापन झालेल्या आय. डब्ल्यू. डब्ल्यू. या कामगार संघटनेचे वक्ते स्पोकेन शहरात चौकात बोलू लागले, की मुक्तिफौजेचा बँड त्यांचा आवाज बुडवी. त्यांनी भजनांच्याच चालींवर मजुरीची गाणी रचली, १९०९ मध्ये त्यांची पुस्तिका काढली. जो हिल यांनी १९११ मध्ये स्वर्गसुखाच्या एका भजनाची चाल घेऊन, भुकेल्याला मेल्यावर जेवण देऊ करणाऱ्या उपदेशकाचीच टर उडवली.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची कथा अभंग, ओवी नि कीर्तनातून सांगितली. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात.