वातानुकूलन यंत्राची निगा

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीच्या परिसरात उन्हाळा आणि हिवाळा हे दोन्ही ऋतू कडक असतात. वैशाखात येथे पारा 45 अंश सेल्सियसच्या घरात जातो. आणि नाताळपासून केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेपर्यंत, म्हणजे पौष अमावास्येपर्यंत, पहाटेचा गारठा अंगात भिनतो. अशा हवेत वातानुकूलन यंत्र ही निव्वळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. ज्या घरात वृद्ध, आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे, तेथे ऐन उन्हाळ्यात यंत्र बंद पडणे हे संकटच होय. मेकॅनिकला सर्वांत अधिक मागणी असते तीही त्याच दिवसांत. तेव्हा या यंत्राची नित्याची निगा घरच्या माणसांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हे यंत्र थंडी निर्माण करते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ते उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. शेतकरी विहिरीतील पाणी पंपाने उपसून पाटात सोडतो. पंप काही पाणी निर्माण करीत नाही. त्याचप्रमाणे हे यंत्र खोलीतील उष्णता उपसून घराबाहेर टाकते. काही यंत्रांना हीच क्रिया उलट करण्याची सोय असते. अशी यंत्रे हिवाळ्यात बाहेरच्या गार हवेत उरलेली उष्णता गोळा करून खोलीत आणतात. त्यांनाच उष्णता-पंप म्हणतात. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ख्यात झालेले पदार्थविज्ञानवेत्ते, यांनी 1852 साली मांडली होती.

उष्णतेची ही ने-आण हवेच्या मार्फत होते. खोलीतील यंत्राला हवा मोकळी मिळाली पाहिजे आणि बाहेरच्या यंत्रालाही मिळाली पाहिजे. निगा राखण्याचे सारे सूत्र एवढ्यात आले.

खोलीतील यंत्राच्या दर्शनी झाकणामागे फिल्टर नावाची जाळी असते. धूळ तिच्यावर अडते. ही जाळी भरली की पंखा फिरत राहतो, पण हवा पुरेशी आत जात नाही. खोली थंड होण्यास वेळ लागतो आणि विजेचे बिल वाढते. म्हणून यंत्र रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी जाळी धुवावी. प्रथम विजेचा मुख्य खटका बंद करावा. मग झाकण उघडून जाळी अलगद काढावी, साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने स्वच्छ करावी आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. उकळते पाणी किंवा कडक ऊन यांनी ती वाकते. जाळीवाचून यंत्र कधीही चालवू नये. मग धूळ थेट आतील नळ्यांवर बसते.

हवेतील ओलावाही हे यंत्र काढून घेते. विलिस कॅरियर या अभियंत्याने 1902 साली ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी जी योजना आखली, तिचा हेतू माणसांना गारवा देणे हा नव्हता. दमट हवेने छपाईचा कागद आकसतो-फुगतो, ते थांबविणे हा होता. आजही हा ओलावा पाणी होऊन निचऱ्याच्या नळीवाटे बाहेर पडतो. नळीत शेवाळ किंवा माती साचली, तर तेच पाणी भिंतीवर उतरते. पावसाळ्याच्या आरंभी नळी मोकळी आहे ना, तिला सर्वत्र उतार आहे ना, हे पाहून घ्यावे.

बाहेरच्या यंत्राकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. इंद्रवेल्लीच्या भोवताली कापसाचे पीक मोठे. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू आणि रस्त्याची धूळ त्याच्या मागील बारीक पात्यांत अडकून बसते. यंत्र बंद करून ती मऊ ब्रशने काढावी. पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास पाती वाकतात. यंत्राभोवती हात-दोन हात जागा मोकळी असावी. त्यावर सावली असणे चांगले. परंतु उन्हापासून रक्षण म्हणून चहूबाजूंनी पत्रे ठोकले, तर बाहेर टाकलेली उष्णता तेथेच कोंडते.

यंत्रातील वायूबद्दलही एक गैरसमज रूढ आहे. दरवर्षी गॅस भरावा लागतो, असे पुष्कळांना वाटते. हा वायू बंद नळ्यांतून फिरत असतो. दिव्यातील तेलाप्रमाणे तो जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती शोधून बुजविल्यावाचून नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आतील नळ्यांवर बर्फ धरला, की गॅस संपला असे लगेच मानू नये. जाळी तुंबून हवा कमी पडली तरीही बर्फ धरतो. यंत्र बंद करून बर्फ वितळू द्यावा, जाळी धुवावी, आणि तरीही तसेच घडले तर मेकॅनिकला बोलवावे. आजच्या अनेक यंत्रांतील आर-32 किंवा आर-290 हे वायू ज्वालाग्राही असल्याने गळतीचे काम प्रशिक्षित माणसानेच केले पाहिजे. विजेच्या भागांचेही तसेच. त्यातील कपॅसिटर प्रवाह तोडल्यावरही धक्का देऊ शकतो.

हिवाळ्यात उष्णता-पंप चालू असता बाहेरच्या यंत्रावर कधी दंव गोठते. ते वितळविण्यासाठी यंत्र काही मिनिटे गरम हवा देणे थांबविते, आणि बाहेर पाणी ठिबकते. हा बिघाड नव्हे. ज्यांचे यंत्र केवळ गारव्याचे आहे, त्यांनी मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ऊब घेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

वर्षातून एकदा, फाल्गुनात, ऊन तापण्यापूर्वी जाणत्या मेकॅनिककडून यंत्राची तपासणी करून घ्यावी. बाकीचे काम घरच्यांचे. त्याला ना अवजारे लागतात, ना खर्च. पंधरा दिवसांतून पाव घटका त्या जाळीसाठी काढली, तर वैशाखातील दुपारी घरातील म्हाताऱ्या माणसाला सुखाची झोप लागेल.