लांबी, पॉलिशपेपर आणि पळसनाथ

पळसदेव हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी पुणे–सोलापूर रस्त्याने जाता-येता वाचलेले असते. रस्त्यालगतचे गाव मात्र नवे. जुने गाव भीमेच्या काठी होते. उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पुरे झाले आणि ते गाव पळसनाथाच्या प्राचीन मंदिरासह पाण्याखाली गेले. धरण भरले की मंदिर दिसेनासे होते. पाणी खूप ओसरले, जसे ते २०२४ च्या उन्हाळ्यात ओसरले होते, की विटांचे शिखर, दगडी मंडप, आजूबाजूचे वीरगळ आणि सतीशिळा पुन्हा उघड्या पडतात. मग पाहणाऱ्यांची रीघ लागते, छायाचित्रे निघतात, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर सारे पुन्हा पाण्यात.

अशा वास्तूची प्रतिकृती करावी असे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटले तर ते नुसते हौसेचे काम समजू नये. दर भरती-ओहोटीला विटा सुटतात, सांधे उघडतात. आज घेतलेली मापे दहा वर्षांनी घेता येतीलच असे नाही. आपल्या जिल्ह्यात प्रतिकृतीची परंपराही लहान नाही. १९१६ साली स्थापन झालेले, खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र नद्यांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडून पाहते. दिवाळीत अंगणात किल्ला करणारे आपण सगळे त्याच बिरादरीतले, फक्त मापात ढिले.

मात्र दिवाळीचा किल्ला चिखलमातीचा असतो आणि प्रदर्शनात ठेवायची प्रतिकृती प्लायवूड, एम.डी.एफ., सनबोर्ड, पुठ्ठा यांची. तुकडे कितीही नीट कापले तरी सांध्यांत फटी राहतात. त्या भरायच्या त्या लांबीने. सुतार आणि रंगारी जिला लांबी म्हणतात तिलाच दुकानदार पुट्टी म्हणतो. दुकानात नुसते ‘पुट्टी द्या’ म्हटले की समोर जे येईल ते घेऊन यायचे, ही आपली रीत. येथेच पहिली गफलत होते, कारण त्या एका नावाखाली चार अगदी निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि चारींचा धोका वेगळा आहे.

जुनी लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि बेलतेल, म्हणजे जवसाचे उकळलेले तेल. ही सर्वांत सोशिक. पूर्वी तिच्यात सफेदा घालीत आणि तो सफेदा शिशाचा असे. म्हणून कुणाच्या माळ्यावरचा जुना डबा सापडला तर तो वापरू नये, आणि जुन्या दाराचे लाकूड प्रतिकृतीसाठी घेतले तर त्यावरचा रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम आपल्या देशात २०१६ साली निघाला आणि २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या डब्यांविषयी आणि दारांविषयी काही खात्री नाही. बेलतेलाचा आणखी एक गुण क्वचितच कुणी सांगतो. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायू शोषते आणि गरम होते. तेलाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकले तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता बोळा पेटतो. १९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका अडतीस मजली इमारतीला आग लागली ती अशाच जवसतेलाच्या बोळ्यांमुळे, आणि तिच्यात अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. तेव्हा बोळे मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावेत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावेत. वसतिगृहातील खाटेखाली तर मुळीच नकोत.

दुसरी एन.सी. पुट्टी. गाड्यांच्या गॅरेजात हीच वापरतात. हिच्यात नायट्रोसेल्युलोज आणि थिनरची द्रव्ये असतात. ती झटपट वाळते ती या द्रव्यांची वाफ उडून जाते म्हणून. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती खोलीच्या तळाशी साचते, जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या उदबत्तीपाशी किंवा शेगडीपाशी पेट घेऊ शकते. डोके जड होणे, मळमळणे, उगीच हसू येणे ही ती वाफ अंगात गेल्याची खूण. तसे झाले की काम टाकून बाहेर मोकळ्या हवेत यावे. खिडकी उघडी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. समोरासमोरची दोन दारे किंवा व्हरांडा असेल तरच हे काम करावे. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. करोनाच्या दिवसांत सर्वांच्या परिचयाचा झालेला एन-९५ मुखवटाही धूळ अडवतो, वाफ नाही. तिच्यासाठी कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो. शिवाय ही पुट्टी थर्मोकोलला लागली की थर्मोकोल विरघळतो. सजावटीच्या थर्मोकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, तेव्हा तो प्रश्न निम्मा सुटलेला आहे.

तिसरी, दोन भागांची पॉलिएस्टरची पेस्ट. डब्यात राखाडी लगदा, सोबत लहान नळीत घट्ट करणारा पदार्थ. तो साधारण शंभराला दोन भाग एवढाच घालायचा असतो. ‘लवकर वाळावे’ म्हणून जास्त पिळण्याचा मोह होतो. त्याने लगदा तापतो, तडकतो, आणि पत्तीवरच दगड होतो. नळीतला पदार्थ पेरॉक्साइड असतो. तो उन्हात, थिनरजवळ किंवा खिशात ठेवू नये. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन थेट डॉक्टर गाठावा.

चौथी इपॉक्सीची, म्हणजे आपल्या ओळखीची एम-सील. दोन कांड्या सारख्या प्रमाणात घेऊन कणकेसारख्या मळायच्या. वास फारसा नसल्याने ही निरुपद्रवी वाटते आणि उघड्या बोटांनी मळली जाते. कितीदा तरी काही होत नाही. मग एखाद्याच्या बोटांच्या बेचक्यात खाज उठते, आणि एकदा अंगाने ही वस्तू ‘ओळखली’ की पुढे किंचित स्पर्शानेही पुरळ येते. ते वैर बहुधा जन्मभराचे. म्हणून पहिल्या दिवसापासून हातमोजे. हात माखले तर थिनरने धुऊ नयेत. थिनर कातडीचे नैसर्गिक तेल काढून नेतो आणि मळ आणखी आत मुरतो. कापडाने पुसून साबण आणि पाणी, एवढे पुरे.

प्लास्टर ऑफ पॅरिस लांबीत मोडत नाही, पण शिखराचे साचे त्याचेच ओततात. ते घट्ट होताना ६० अंशांच्या आसपास तापू शकते. २००७ साली इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने हातांचा ठसा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले. ते निघाले नाहीत आणि तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. हाताचा साचा कधीही असा घेऊ नये.

आता घासणे. खरे सांगायचे तर बहुतेकांचे नुकसान भरताना कमी आणि घासताना जास्त होते. भुकटी मऊ पिठासारखी असते आणि तीच फुप्फुसात खोल उतरते. एम.डी.एफ.च्या भुकटीत डिंकाचे फॉर्मल्डिहाइड असते. दगडाचा पोत यावा म्हणून लांबीत वाळूची भुकटी मिसळण्याची टूम आहे, ती सोडून द्यावी; वाळूत सिलिका असते आणि सिलिकाची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. पोत हवा तर ओल्या लांबीवर जुना टूथब्रश टोचावा, काम होते. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी वाळल्यावर वॉटरपेपर पाण्यात बुडवून ओले घासावे, म्हणजे धूळ उडतच नाही. खडूची लांबी आणि प्लायवूड कोरडेच घासावे लागते, ते मुखवटा लावून, अंगणात, वारा पाठीवर घेऊन. नंतर केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावे. आणि हात धुतल्याशिवाय वडापाव नको!

कमी घासण्याचा उपाय म्हणजे कमी भरणे. १:५० च्या प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटरचा थर म्हणजे मूळ मंदिरावर अडीच सेंटिमीटर. एवढ्यात कोरीव पट्टीची कड नाहीशी होते. म्हणून पातळ थर द्यावेत, प्रत्येक पुरता वाळू द्यावा. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि महिन्याने आकसून प्रदर्शनाच्या ऐन दिवशी भेग दाखवतो. शिवाय ज्या फटी मूळ वास्तूतच आहेत त्या प्रतिकृतीत भरून टाकण्यात काय हशील? शिखराची सुटलेली वीट सुटलेलीच दाखवावी. नीटनेटकेपणाच्या नादात पाण्याने केलेले काम पुसले गेले तर ती प्रतिकृती पळसनाथाची राहत नाही.

उरलेली पेस्ट मोरीत किंवा बॅकवॉटरमध्ये ओतू नये. त्या पाण्यात भोई जाळे टाकतात आणि भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ती डब्यातच पुरती घट्ट होऊ द्यावी, मग कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावी. थिनरचा डबा बूच घट्ट लावून सावलीत ठेवावा आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे, कारण पाण्याच्या जुन्या बाटलीत थिनर ओतून ठेवण्याची खोड आपल्याकडे फार आहे.