अन्नग्रहणदोष, बालकांतील

वयाला साजेसे अन्न पुरेशा प्रमाणात, सुरक्षितपणे व सहजतेने तोंडावाटे घेण्यात बालकाला येणाऱ्या अडचणींना अन्नग्रहणदोष असे म्हणतात. चोखणे, चावणे व गिळणे या क्रियांतील दोष, घास तोंडाजवळ येताच तोंड फिरविणे, ठराविक दोन-चार पदार्थांखेरीज काहीही न घेणे, घट्ट अन्न तोंडात जाताच उमासे येणे, घास गालात तासन्‌तास धरून ठेवणे इ. लक्षणे त्यात आढळतात. एखादी भाजी न आवडणे किंवा आजारपणात चार दिवस भूक मंदावणे म्हणजे अन्नग्रहणदोष नव्हे. अडचण टिकून राहते आणि तिचा परिणाम वाढ, पोषण, श्वसन किंवा कुटुंबाचे दैनंदिन जीवन यांवर होऊ लागतो, तेव्हाच ती उपचारांचा विषय ठरते. सर्वसाधारण वाढ असलेल्या बालकांपैकी सुमारे पाव किंवा त्याहून अधिक बालकांच्या बाबतीत केव्हा ना केव्हा खाण्याविषयी तक्रार उद्‌भवते. विकासात मागे पडलेल्या बालकांत हे प्रमाण पुष्कळच जास्त असते. यांतील बहुतेक तक्रारी साध्या मार्गदर्शनाने दूर होतात. उरलेल्यांना शास्त्रशुद्ध उपचारांची गरज असते.

स्वाभाविक विकास : खाणे ही उपजत क्रिया आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती केवळ पहिल्या काही महिन्यांपुरतीच उपजत असते. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ गर्भावस्थेच्या सुमारे चौतिसाव्या आठवड्यापर्यंत पुरेसा बसलेला नसतो. त्यामुळे त्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकांना बहुधा नळीने दूध द्यावे लागते. पूर्ण दिवसांच्या अर्भकात ओठांच्या कडेला स्पर्श होताच तोंड वळविणे, चोखणे व जिभेने घट्ट पदार्थ बाहेर ढकलणे या प्रतिक्षेपी क्रिया असतात. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास त्या ओसरू लागतात व त्यांची जागा शिकून येणाऱ्या क्रिया घेतात. याच सुमारास मान सावरते, आधाराने बसता येते आणि मूल इतरांच्या घासाकडे लक्षपूर्वक पाहू लागते. पूरक आहार सहा महिने पूर्ण होताच सुरू करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस या तयारीशी जुळणारी आहे. महाराष्ट्रात उष्टावणाचा संस्कारही साधारणपणे याच वयात होतो. पुढे जीभ घास एका बाजूस नेऊ लागते, जबडा वरखाली व नंतर गोलाकार फिरू लागतो. चावण्याची ही क्रिया दोन वर्षांनंतरही परिपक्व होत राहते. म्हणून पेज, मऊ वरणभात, कुस्करलेली भाजी, पोळीचा मऊ तुकडा हा क्रम केवळ पचनाचा नसून शिक्षणाचाही क्रम आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाने अनोळखी पदार्थास नकार देणे हीदेखील विकासातील एक स्वाभाविक पायरी असते.

कारणे : २०१९ मध्ये तज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने या दोषाची एकसूत्री व्याख्या मांडली. तीनुसार वैद्यकीय, पोषणविषयक, कौशल्यविषयक आणि मनोसामाजिक अशा चार अंगांनी त्याचा विचार केला जातो. वैद्यकीय कारणांत अकाली जन्म, हृदय व फुप्फुसांचे विकार, दुभंगलेला टाळू, जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटे चढणे, अन्नाची अधिहर्षता (ॲलर्जी), जुनाट बद्धकोष्ठ, तसेच सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखला जाणारा मेंदूजन्य स्नायुदोष यांचा समावेश होतो. पोषणविषयक कारणांत लोहाच्या कमतरतेने भूक मंदावणे हे महत्त्वाचे आहे. वर्षाच्या पुढील मूल दिवसभर दुधावरच राहिले, तर पोट भरलेले राहते व लोहही कमी मिळते. त्यामुळे भूक आणखी मंदावते आणि ‘जेवत नाही म्हणून दूध व दूध पितो म्हणून जेवत नाही’ असे चक्र सुरू होते. कौशल्यविषयक कारणांत ओठ, जीभ व जबडा यांच्या हालचालींतील दुर्बलता, तसेच स्पर्श, वास व चव यांची अतिसंवेदनशीलता येते. स्वमग्न मुलांत अन्नाचा रंग, पोत किंवा वेष्टनसुद्धा नकाराचे कारण ठरू शकते. ताटलीतील पदार्थ अत्यंत मोजके राहिल्याने अशा मुलांत स्कर्व्हीसारखे जीवनसत्त्वन्यूनतेचे रोग झाल्याच्याही नोंदी आहेत.

मनोसामाजिक कारणे बहुधा इतर कारणांच्या पाठोपाठ येतात. घास अडकून गुदमरल्याचा किंवा दीर्घकाळ नळीने अन्न दिले गेल्याचा अनुभव असलेल्या मुलास तोंडाजवळ येणारी प्रत्येक वस्तू धोक्याची वाटते. ते नकार देते. वजनाच्या काळजीने पालक आग्रह करतात. आग्रहाने भीती वाढते व नकार अधिक घट्ट होतो. अशा वेळी आईने लाडावले किंवा मूल हट्टी आहे, असे निदान घरात व शेजारी होते. ते बहुतेक वेळा चुकीचे तर असतेच, शिवाय मूळ विकाराचा शोधही त्यामुळे लांबतो.

अभ्यासाचा इतिहास : विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत बालकांचा आहार घड्याळ व वजनमाप यांनुसार ठरवून देण्याची प्रथा होती. क्लॅरा डेव्हिस या अमेरिकन वैद्यक महिलेने १९२६ पासून अंगावरून नुकत्याच तोडलेल्या अर्भकांवर वेगळा प्रयोग केला. धान्ये, भाज्या, फळे, मांस, अंडी, दूध अशा ३४ साध्या, प्रक्रिया न केलेल्या पदार्थांमधील काही प्रत्येक वेळी समोर मांडले जात. परिचारिका चमचा घेऊन स्वस्थ बसे आणि मुलाने पदार्थाकडे हात केल्यावरच घास देई. १९३९ मध्ये डेव्हिस यांनी १५ मुलांचा वृत्तांत दिला. प्रत्येकाची निवड निराळी, कधी कधी विक्षिप्तही होती. तरी सर्वांची वाढ उत्तम झाली. यावरून मुलांना आपला आहार बिनचूक कळतो, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. डेव्हिस यांचे म्हणणे मात्र वेगळे होते. मांडलेले सर्व पदार्थ पौष्टिक होते, यातच या प्रयोगाची मेख आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. काय मांडावे हे प्रौढाने ठरवावे व किती खावे हे मुलाने, ही श्रमविभागणी पुढे १९८० नंतरच्या दशकात एलिन सॅटर या आहारतज्ञ महिलेने पालकांसाठी सूत्ररूपाने मांडली.

भीती घालविण्याच्या उपचारांचे मूळही याच काळात आढळते. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलावर केलेला उपचार प्रसिद्ध केला. मूल आवडीचे पदार्थ खात असताना ससा खोलीत दूरवर ठेवला जाई व मुलाला सहन होईल तसतसा जवळ आणला जाई. येथे भीती सशाची होती व खाणे हे साधन होते. अन्नाचीच भीती असणाऱ्या मुलांच्या बाबतीत हीच पद्धत उलट दिशेने वापरली जाते.

१९६४ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथील बालरोगतज्ञ रॉनल्ड इलिंगवर्थ व त्यांचे सहकारी लिस्टर यांनी चावणे शिकण्याचा एक संवेदनशील काळ असतो व तो उलटून गेल्यावर घट्ट अन्न दिल्यास मूल ते नाकारते, असे प्रतिपादन केले. ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत याला दुजोरा मिळाला. ज्यांना गाठीदार अन्न दहा महिन्यांनंतर प्रथम मिळाले, त्यांच्यात पुढे खाण्याच्या तक्रारी अधिक होत्या. अमेरिकेत लीअन बर्च यांनी १९८२ मध्ये असे दाखविले की, दोन वर्षांची मुले जो नवा पदार्थ अधिक वेळा चाखतात, तो त्यांना अधिक आवडू लागतो. बक्षिसासाठी खायला लावलेल्या पदार्थाची आवड मात्र कमी होते, असे त्यांच्या नंतरच्या प्रयोगांत आढळले.

निदान : प्रथम वजन, उंची व वाढीचा आलेख तपासतात. नंतर गर्भकाळापासूनचा वृत्तांत, सध्याचा आहार, जेवणास लागणारा वेळ व घरातील रीत यांची माहिती घेतली जाते. मूल प्रत्यक्ष जेवत असतानाचे निरीक्षण हा तपासणीचा सर्वांत बोधप्रद भाग होय. बसण्याची ढब, ओठ मिटणे, जिभेची हालचाल, घासामागचा खोकला, आवाजातील घरघर आणि घास भरविणाऱ्याचे वर्तन यांची नोंद केली जाते. अन्न श्वासनलिकेत जात असल्याची शंका आल्यास बेरियममिश्रित घास देऊन गिळण्याच्या क्रियेचे क्ष-किरण चलच्चित्रण करतात. ही तपासणी महत्त्वाची आहे. कारण काही मुलांत अन्न श्वासनलिकेत शिरूनही खोकला येत नाही. जेवताना निळे पडणे, वारंवार न्यूमोनिया होणे, वजन घटणे, गिळताना वेदना होणे किंवा पूर्वी येत असलेले कौशल्य नाहीसे होणे ही लक्षणे दिसताच विलंब न लावता वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो.

उपचार : बालरोगतज्ञ, वाक् व गिलनोपचारतज्ञ, व्यवसायोपचारतज्ञ, आहारतज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांनी एकत्रितपणे उपचार करणे इष्ट असते. वेदना देणारा विकार प्रथम बरा करणे हा पहिला नियम होय. आम्लाने अन्ननलिकेचा दाह होत असताना मुलाला खाण्याचे शिक्षण देणे निष्फळ ठरते.

शारीरिक उपचारांत ढबेला प्रथम स्थान आहे. पाय टेकलेले, कंबर व धड आधारलेले व मान किंचित पुढे झुकलेली असली, म्हणजे जबडा व जीभ यांच्या हालचाली सुकर होतात. मेंदूजन्य स्नायुदोष असलेल्या मुलास मान मागे टाकून आडवे भरविणे धोक्याचे असते. लंडनमधील बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने विकसित केलेल्या स्नायूपचारपद्धतीचा भरविण्याच्या तंत्रावर मोठा प्रभाव पडला आहे. उथळ चमचा जिभेच्या मध्यावर हलकेच टेकवून ओठ मिटण्याची वाट पाहणे, घास दाढांच्या बाजूस ठेवून चावण्यास प्रवृत्त करणे, हनुवटीस बोटांनी आधार देणे अशी ही तंत्रे आहेत. नळीवर असलेल्या अकाली जन्मलेल्या अर्भकास दुधाविना चोखू दिल्यास तोंडाने दूध घेण्याचा टप्पा लवकर गाठता येतो. अन्नाचा दाटपणा व पोत मुलाच्या क्षमतेनुसार ठरवितात. त्यासाठी द्रव पदार्थांपासून नेहमीच्या अन्नापर्यंत ० ते ७ अशा पायऱ्यांचे आंतरराष्ट्रीय कोष्टक उपलब्ध आहे.

संवेदनविषयक उपचारांचा पाया जीन एअर्स (१९२०–८८) या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ञ महिलेच्या विचारांत आहे. या पद्धतीत खाण्याची क्रिया लहान लहान पायऱ्यांत विभागली जाते. पदार्थ एकाच खोलीत असणे, ताटाजवळ असणे, त्यास चमच्याने व नंतर बोटाने स्पर्श करणे, वास घेणे, ओठास लावणे, जिभेने चाटणे, चावून थुंकणे व अखेरीस गिळणे अशा त्या पायऱ्या होत. पीठ मळताना हात घालणे, वाटाणे सोलणे, कोथिंबीर निवडणे यांसारखी घरगुती कामे या दृष्टीने उपयुक्त असतात. त्यांत खाण्याची सक्ती नसते. स्वीकारलेल्या पदार्थापासून किंचित वेगळ्या पदार्थाकडे जाणे, उदा., पांढऱ्या भातावरून तुपाच्या भाताकडे व तेथून पातळ वरण-भाताकडे, हेही एक तंत्र आहे.

वर्तनोपचारांत इष्ट वर्तनाची लगेच प्रशंसा केली जाते, नकाराकडे लक्ष दिले जात नाही व घासांची संख्या हळूहळू वाढविली जाते. घास घेईपर्यंत चमचा तोंडासमोरून न हलविण्याचे एक कठोर तंत्रही त्यात आहे. गंभीर नकार असलेल्या मुलांत त्यामुळे खाणे वाढते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु त्याने मुलाच्या इच्छेचा अवमान होतो व खाण्याशी भीती जोडली जाते, असा आक्षेप आहे. म्हणून ते तज्ञांच्या देखरेखीखालीच व अन्य उपाय थकल्यावर वापरावे, असे सामान्यतः मानले जाते. घरी नाक दाबून किंवा हात धरून भरविणे याला शास्त्राचा कोणताही आधार नाही. त्यात अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दीर्घकाळ नळीवर असलेल्या मुलांची नळी सोडविण्यासाठी ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे विकसित झालेल्या पद्धतीत वैद्यकीय निरीक्षणाखाली नळीचे अन्न कमी करून भूक जागविली जाते व अन्नाशी मुक्तपणे खेळू दिले जाते.

कुटुंबाची भूमिका : उपचारकेंद्रातील आठवड्याच्या एक-दोन तासांपेक्षा घरातील रोजच्या जेवणांचा परिणाम अधिक असतो. जेवणाच्या वेळा ठराविक ठेवणे, मधल्या काळात दूध व बिस्किटे न देणे, अर्ध्या तासाच्या आत जेवण आटोपणे, इतरांबरोबर मुलास बसविणे, लहान घास वाढणे आणि दूरध्वनीवरील चित्रे दाखवून भरविणे टाळणे या गोष्टींचा उपयोग होतो. चित्रांत गुंगलेले मूल घास गिळते, पण भूक व तृप्ती ओळखण्यास शिकत नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे यांसारखे घशात अडकणारे पदार्थ लहान मुलांना अख्खे देऊ नयेत. एकत्र कुटुंबात भरविणाऱ्या व्यक्ती अनेक असल्याने सर्वांनी एकच रीत पाळणे आवश्यक असते.

भारतातील सोयी : भारतात पूर्वी अर्भकास बोंडल्याने दूध पाजण्याची पद्धत होती. दक्षिणेत त्याच प्रकारची पालदाई वापरली जात असे व आज ती नवजात अतिदक्षता विभागांतूनही वापरली जाते. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने मेंदूजन्य स्नायुदोष असलेल्या मुलांच्या शिक्षण-उपचारांस चालना दिली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून मुलांची तपासणी होते आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तथापि गिलनोपचारांचे प्रशिक्षण घेतलेले तज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. ग्रामीण भागात ही उणीव भरून काढण्यासाठी अंगणवाडी सेविकेस ढब, पोत व धोक्याची लक्षणे यांचे प्राथमिक ज्ञान असणे महत्त्वाचे ठरते.

फलश्रुती : उपचारांचे यश मूळ कारण, मुलाचे वय आणि घरच्यांचा सहभाग यांवर अवलंबून असते. लवकर लक्षात आलेल्या अडचणी काही महिन्यांत सुधारतात. मज्जासंस्थेच्या गंभीर विकारांत मात्र सर्व अन्न तोंडाने घेणे साध्य होतेच असे नाही. अशा वेळी पोटावरील छिद्रातून नळीने पोषण देणे हे उपचारांचे अपयश मानले जात नाही. मुलाची वाढ सुरक्षित राहून काही घास ते आवडीने चाखू शकले व जेवणाची वेळ कुटुंबास सुखाची झाली, तर उपचारांचा हेतू बऱ्याच अंशी साधला असे समजतात.