पिकअपचं डिझेल जातं कुठं?

टेंभू आणि ताकारी योजनांचं पाणी आलं, तसं कडेगाव तालुक्यातलं शिवार बदललं आणि दारापुढची वाहनंही बदलली. ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीतून वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडे जातो. पण दुधाचे कॅन, भाजीपाला, आल्याची पोती, द्राक्षाच्या पेट्या आणि येताना पेंड, खत, सिमेंट हा सगळा भार पिकअपवर असतो. अनेक घरांची चूल याच गाडीच्या भाड्यावर पेटते. म्हणून 'गाडी ॲव्हरेज देईना' ही तक्रार हलक्यात घेण्यासारखी नाही. बाराचं ॲव्हरेज दहावर आलं, तर रोजच्या १०० किलोमीटरला पावणेदोन लिटरच्या आसपास जादा डिझेल लागतं. लिटरला ९० रुपये धरले, तर दिवसाला दीडशे रुपये आणि महिन्यातले पंचवीस दिवस गाडी पळाली, तर पावणेचार हजार. हप्ता भरणाऱ्या माणसाला ही रक्कम कळते.

अशा वेळी गाडी थेट मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री इंजिनाच्या नोझलवर बोट ठेवतो, नाहीतर इंजिनाच्या पंपावर. खर्च होतो आणि ॲव्हरेज बऱ्याचदा आहे तिथंच राहतं. माझं म्हणणं असं, की पाना हातात घेण्याआधी वही घ्यावी.

पहिला प्रश्न असा, की ॲव्हरेज खरंच घटलंय का? पाचशेचं डिझेल टाकून काटा कुठवर उतरला, यावरून काही ठरत नाही. टाकी फुल करायची, मीटरचा आकडा लिहायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची आणि त्याच पंपावर, त्याच नोझलनं, गाडी सपाट उभी करून पुन्हा फुल करायची. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं. पुढं दाबून भरायचं नाही. दहा लिटरवर हिशेब केला आणि भरताना एक लिटरचा फरक पडला, तर उत्तर दहा टक्क्यांनी चुकतं. चाळीस लिटरवर केला, तर तीच चूक अडीच टक्क्यांवर येते. म्हणून टाकी बरीच रिकामी झाल्यावरच मोजावं, आणि दोन-तीन वेळा मोजावं. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल, तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं. ते मागून आपल्या डोळ्यांसमोर मोजून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पाच लिटरमागं २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्यापुढचा बसत नाही.

मीटरही फसवतं. जास्त भार उचलावा म्हणून मागं मोठ्या मापाचे टायर चढवले, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि मीटर मात्र जुन्याच हिशेबानं मोजतं. टायर पाच टक्के मोठा असेल, तर १०५ किलोमीटर पळालेली गाडी १०० दाखवते. डिझेल तेवढंच लागलेलं असतं, घटतो तो कागदावरचा आकडा. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा मोबाईलच्या नकाशाशी मीटर ताडून पाहिलं, की हा संशय मिटतो.

आता गाडी जिथं चालते त्या रस्त्याकडे पाहू. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट विजेएवढी ऊर्जा असते. त्यातली चांगल्या स्थितीत एक तृतीयांशच्या आसपास चाकापर्यंत पोचते, उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन जाते. म्हणजे कामाला मिळतात तीन युनिट. भरलेली पिकअप सगळी मिळून तीन टनांची धरली, तर ती १०० मीटर उंच चढवायला नुसत्या चढाचं म्हणून पाव लिटरहून थोडं जास्त डिझेल लागतं. रस्त्याचा आणि हवेचा विरोध त्यावर वेगळा. कराडहून कडेगावला येताना सुर्लीचा घाट चढावाच लागतो. कृष्णेचं पाणी टेंभूतून उचलून याच बाजूला वर आणायला पंपांना जशी वीज मोजावी लागते, तसंच हे आहे. चढाचे पैसे चुकत नाहीत. म्हणून कराडला भरून गेलेली आणि मोकळी आलेली फेरी एका बाजूला, मोकळी जाऊन सिमेंट घेऊन आलेली फेरी दुसऱ्या बाजूला, असं वहीत वेगळं लिहिलं पाहिजे. दोन्हींचं ॲव्हरेज एक येणार नाही आणि तो गाडीचा दोष नव्हे.

उतारावर मात्र आपल्याकडे एक घातक सवय आहे. डिझेल वाचवायचं म्हणून घाटात गाडी न्यूट्रलला सोडतात. प्रत्यक्षात होतं उलटं. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि आजच्या गाड्यांमध्ये इंजेक्टर डिझेल सोडणं पूर्ण थांबवतात. जुन्या मेकॅनिकल पंपाचा गव्हर्नरही तेच करतो. न्यूट्रल केलं, की इंजिन स्वतःच्या जोरावर चालू ठेवायला डिझेल लागू लागतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेक लायनरवर आला, आणि तीन टनांची गाडी घाटात तापलेल्या लायनरच्या भरवशावर राहिली. इंजिनच बंद केलं, तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही संपतो. दोन पैशांच्या खोट्या बचतीसाठी जीव टांगणीला लावू नये, हे चालकांना कळकळीनं सांगावंसं वाटतं.

दूध गोळा करणाऱ्या गाडीची अडचण आणखी वेगळी. ५० च्या वेगातली भरलेली गाडी थांबवून पुन्हा त्याच वेगाला न्यायला २५ मिलीलिटरच्या आसपास डिझेल जातं. वीस थांब्यांना अर्धा लिटर. थांबा लांबून दिसला की पाय आधीच काढावा, ब्रेक उशिरा लागावा. कॅन चढवताना इंजिन गुरगुरत ठेवू नये.

रात्री मुंबईच्या बाजाराकडे निघणाऱ्या गाडीचा शत्रू हवा. वेग ६० वरून ८० केला, तर हवेचा विरोध पावणेदोन पटीहून जास्त होतो. त्यात उंच जाळी आणि फडफडणारी ताडपत्री. ताडपत्री ताणून बांधणं हा फुकटातला उपाय आहे.

इथवरचा हिशेब जुळला आणि तरीही ॲव्हरेज कमीच असेल, तर दोष गाडीत शोधायचा. सगळ्यात आधी चाकं मोकळी फिरतात का ते पाहावं. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. गाडी पळवून पंक्चरवाल्याकडे गेलं, की तापलेल्या टायरचा आकडा चढा दिसतो आणि कमी हवाही पुरेशी वाटते. मग दहा-पंधरा किलोमीटर, ब्रेक शक्यतो न मारता गाडी चालवून थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा. हात टेकवायचा नाही, भाजेल. तीन चाकं कोमट आणि एकाची धग लागत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक धरतोय. व्हील सिलिंडर अडकलेला असेल, हँडब्रेकची केबल गंजली असेल किंवा लायनर जास्त टाईट केले असतील. अशी गाडी ब्रेक लावूनच पळत असते. पुढचे टायर एका कडेनं झिजत असतील, तर अलाइनमेंट करून घ्यावं. चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, असं असेल तर क्लच प्लेट पाहावी.

यानंतरची जागा फार कमी लोक तपासतात, ती थर्मोस्टॅटची. इंजिन ८० ते ९० अंशांच्या आसपास तापलं, की डिझेल नीट जळतं. तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ न देण्याचं काम हा छोटा वॉल्व्ह करतो. उन्हाळ्यात गाडी एकदा गरम झाली, की 'काढून टाका, कटकट नको' म्हणून तो काढला जातो आणि परत बसवायचा राहतो. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन नेहमी गार राहतं, ऑईल घट्ट राहतं आणि इंजिन गार आहे असं समजून कंट्रोल युनिट डिझेलचा हात सैल सोडतं. तापमानाचा काटा अर्धा तास चालवूनही खालीच रेंगाळत असेल, तर मिस्त्रीला सरळ विचारावं, थर्मोस्टॅट जागेवर आहे का?

एअर फिल्टरला मात्र गरजेपेक्षा जास्त दोष दिला जातो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांवर प्रयोग केले. फिल्टर तुंबल्यानं गाडीची ओढ कमी झाली, ॲव्हरेजवर फारसा फरक पडला नाही, कारण संगणक हवेच्या मापानं इंधन सोडतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीत तसं नसतं. हवा कमी पडली तरी डिझेल तेवढंच येतं आणि सायलेन्सर काळं ओकू लागतं. विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या पिढीला धुराचा हा रंग पाठ होता. नव्या गाडीत काळा धूर दिसला, तर टर्बोचा पाईप कुठं फाटलाय किंवा क्लॅम्प सैल आहे का, ते आधी पाहावं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत अनेक ठिकाणी काजळीचा फिल्टर असतो. तो साफ करायला गाडी मधूनमधून जादा डिझेल जाळते. जवळच्याच फेऱ्या होत राहिल्या आणि हे काम दर वेळी अर्ध्यात तुटलं, तर तो खर्च पुन्हा पुन्हा होतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला, तर वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालवावी.

इंजिनाच्या नोझलचा, म्हणजे इंजेक्टरचा नंबर या सगळ्यानंतर लागतो. कॉमन रेल इंजिन असेल, तर चारही इंजेक्टर एकदम उतरवू देऊ नयेत. आधी रिटर्नची तपासणी करायला सांगावं. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न नळीला एकेक छोटी बाटली लावायची, इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं आणि चारही बाटल्या शेजारी ठेवायच्या. एक बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली असेल, तर खर्च त्या एकाच इंजेक्टरवर करायचा. चारही सारख्या भरल्या आणि माप कंपनीनं दिलेल्या मर्यादेत असलं, तर पैसे खिशात ठेवून मिस्त्रीला कॉम्प्रेशन मोजायला सांगायचं.